ट्रॉली कुणाची?

परवा जुने फोटो नव्या हार्डडिस्कवर चढवत बसलो होतो. हे काम कधी पुरं होत नाही, कारण दर दहा फोटोंमागे एखादा फोटो तासभर बसवून ठेवतो. या वेळी बसवून ठेवणारा फोटो निघाला इंग्लंडमधल्या रेडिंगचा, जानेवारी २००४चा. केनेट नदीचं गढूळ पाणी, काठावर पानं झडलेली झुडपं आणि पाण्यात आडवी पडलेली सुपरमार्केटची एक ट्रॉली. दोन चाकं वर, त्यातल्या एकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली.

हा फोटो मी तेव्हा घरी पाठवला होता. घरी म्हणजे वेळापूरला. त्या काळी घरी ईमेल पाठवायची म्हणजे चुलतभावाने, आमच्या दादाने, अकलूजच्या सायबर कॅफेत जाऊन ती उघडायची, प्रिंट काढायची आणि आप्पांना नेऊन दाखवायची. फोटोखाली मी ऐटीत लिहिलं होतं, की इकडे शहरात जागोजागी अशा बेवारस ट्रॉल्या पडलेल्या दिसतात. रविवारी फोन केला तर आप्पा म्हणाले, "आरं ट्रॉली ट्रॉली म्हनतूस, कुठाय ट्रॉली? ह्यो तर चाकं लावलेला पिंजरा हाय!"

मी हसलो. मग त्यांनी विचारलं, "आनि हिला कुणी धडकलं न्हाई न्हवं?"

नदीत पडलेल्या ट्रॉलीला कोण धडकणार! पण त्यांनी असं का विचारलं ते मला लगेच कळलं आणि माझं हसू थांबलं. ते पुढे सांगतो. आधी त्या पिंजऱ्याची गोष्ट.

आमचं किराणा दुकान. वेळापुरातल्या जुन्या पेठेत, लाकडी फळ्यांचं. गिऱ्हाईक फळीच्या पलीकडे उभं राहणार, यादी सांगणार, आप्पा किंवा दुकानातला पोरगा एकेक जिन्नस काढून, तोलून, पुडी बांधून समोर ठेवणार. माल उचलण्याचं काम आत आमचं, ट्रकपासून दुकानापर्यंत हमालाचं, आणि दुकानापासून घरापर्यंत ज्याचं त्याचं. जास्त असलं तर पोरगा सायकलच्या कॅरियरला पोतं बांधून पोचवून यायचा. जगभर सगळीकडे दुकान असंच होतं. ते मोडलं १९१६ साली, अमेरिकेत मेम्फिस शहरात. क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसाने 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं (नाव त्याचंच, मी काही करू शकत नाही) आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, आत ये आणि तुझं तू घे. हातात एक टोपली दिली.

आता टोपलीची एक अडचण असते. ती भरते. भरली की जड होते, आणि जड झाली की माणूस खरेदी थांबवतो. हे ज्याच्या डोक्यात घोळत राहिलं तो सिल्व्हन गोल्डमन, ओक्लाहोमा सिटीतल्या 'हम्टी डम्टी' दुकानांचा मालक. १९३६ साली एका रात्री ऑफिसात बसलेला असताना त्याची नजर घडीच्या खुर्चीवर पडली. पायांना चाकं लावली, बसायच्या जागी टोपली ठेवली, खाली आणखी एक टोपली ठेवली तर? फ्रेड यंग नावाच्या त्याच्याकडच्या कारागिराने ते जमवून दिलं, आणि जून १९३७ मध्ये ती गाडी दुकानात आली.

आणि कुणी तिला हात लावेना! पुरुषांना वाटे, एवढी टोपली आपल्याला उचलत नाही असं लोक म्हणतील. तरुण बायका म्हणत, बाबागाड्या ढकलून पुरे झालं. म्हाताऱ्यांना ती म्हातारपणाची जाहिरात वाटे. शेवटी गोल्डमनने पगार देऊन वेगवेगळ्या वयाची माणसं आणली आणि त्यांना दुकानात नुसत्या ट्रॉल्या ढकलत फिरायला लावलं. गिऱ्हाइकं दारात आली की त्यांना आत सगळेच ढकलताना दिसत. मग लाज मोडली.

ही गोष्ट मी सुट्टीवर आलो तेव्हा आप्पांना सांगितली होती. त्यांना भाड्याच्या गिऱ्हाइकांचा किस्सा फार आवडला. पण दुकानदाराचं डोकं दुकानदाराचंच. जरा वेळाने म्हणाले, "म्हंजी हमालाचं काम गिऱ्हाइकाकडनं करून घेतलं, आनि गिऱ्हाइकाला वाटलं आपली सोय केली." मी पुढे या विषयावर इंग्रजीत बरंच काही वाचलं, पण इतकं थोडक्यात कुणी सांगितलेलं आढळलं नाही.

गोल्डमनची गाडी घडीची होती, दर वेळी उघडा आणि मिटा. आज आपण जी बघतो, एकीत एक घुसून लांबलचक आगगाडी होणारी, ती ऑर्ला वॉटसनची. कॅन्सस सिटी, १९४६. त्याने टोपलीची मागची बाजू वर उचलली जाईल अशी बिजागरीने बसवली, म्हणजे मागची गाडी पुढचीत सरकते. पेटंटवरून त्याचं आणि गोल्डमनचं भांडण झालं, आणि १९४९ मध्ये ते मिटून पेटंट वॉटसनकडे राहिलं. तोवर अमेरिकेत दुकानं गावाबाहेर, मोठ्या पार्किंगच्या कडेला जायला लागली होती. ट्रॉलीचा प्रवास ठरून गेला, फळीपासून गाडीच्या डिकीपर्यंत. पुढचं मोटार बघून घेईल.

आणि ज्याच्याकडे मोटार नाही त्याचं काय? सगळी बेवारस ट्रॉल्यांची भानगड इथे सुरू होते. ट्रॉली रस्त्यावर दिसली की लोक म्हणतात उनाड पोरांचं काम. थोडं खरंही आहे, उतारावरून ट्रॉलीत बसून घरंगळणारी पोरं मी स्वतः पाहिली आहेत. पण रेडिंगमध्ये चार वर्षं पायी हिंडताना माझ्या लक्षात आलं, की ट्रॉल्या सापडायच्या ठरावीक ठिकाणी. बसस्टॉपवर. फ्लॅटच्या इमारतींच्या जिन्यापाशी. बोगद्यातून जाणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी. मोटारवाल्यांच्या गल्ल्यांत एकही नाही. नकाशावर एकेक टिंब मांडलं असतं तर शहरात कुणाकडे गाडी नाही त्याची यादीच तयार झाली असती.

मला हे कळायचं कारण दुसरं आहे, आणि ते आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. आता आप्पा नाहीत, तेव्हा सांगायला हरकत नाही.

त्या हिवाळ्यात मी नवीन होतो. गाडी नव्हती, रविवारी बस तासाला एक. मी दहा किलो तांदूळ, बटाटे, दूध, तेल असं सगळं एकदम घेतलं आणि दाराबाहेर आल्यावर पिशव्यांचे बंद बोटांत रुतायला लागले. त्या दुकानाच्या ट्रॉल्यांना कुलूप नव्हतं. मी ट्रॉली तशीच ढकलत रस्त्याला लागलो. पुढचं एक चाक स्वतःच्याच मनाने चालत होतं, फरशीच्या प्रत्येक सांध्यावर सगळा सांगाडा खणखणत होता, आणि शेजारून जाणारी प्रत्येक मोटार आपल्याकडेच बघतेय असं वाटत होतं. घरी पोचलो, सामान वर नेलं. आता ट्रॉली परत नेणं आलं. अंधार पडला होता, पाऊस भुरभुरत होता. कोपऱ्यावरच्या बसस्टॉपपर्यंत नेली, झुडपाच्या कडेला उभी केली आणि घरी आलो. उद्या नेऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिस. तिसऱ्या दिवशी ती तिथे नव्हती. आणि शनिवारी नदीकाठी फिरायला गेलो, तर पाण्यात ट्रॉली.

तीच होती का? माहीत नाही, सगळ्या सारख्याच दिसतात. मी फोटो काढला आणि वर ऐटीत खाली लिहिलं, "बेवारस". असो.

तर अशी उसनी नेलेली वस्तू परत कशी आणायची, हा प्रश्न ट्रॉलीपेक्षा फार जुना आहे आणि आपल्याकडे त्याची उत्तरंही जुनी आहेत. आप्पांच्या वहीत 'बारदान' असा वेगळा रकाना असायचा. माल ज्यात येतो ते पोतं, डबा, कॅन. माल विकला तरी बारदान कुणाचं, ते परत यायचंय की त्याचे पैसे धरलेत, याचा हिशेब वेगळा. ट्रॉलीला त्यांनी पुढे नावच ठेवलं होतं, चाकाचं बारदान. सोड्याच्या बाटलीला अनामत. लग्नाच्या पातेल्यांवर, परातींवर, छिन्नीने टिंब टिंब करून घातलेलं नाव, म्हणजे पंगत उठल्यावर कुठलं पातेलं कुठल्या घरी जायचं यावरून वाद नको. (नाव घालायची हौस आमच्या गावाला जुनीच. अर्धनारीनटेश्वराच्या देवळाशी यादव रामचंद्राच्या काळातले मराठी शिलालेख आहेत. देऊळ काही कुणी उचलून नेणार नव्हतं, तरी.) आणि सगळ्यांत साधा उपाय म्हणजे पाणपोईचा साखळीने बांधलेला पेला. आषाढात माउलींची पालखी वेळापुरात मुक्कामाला असते तेव्हा लाख माणूस त्या रस्त्याने जातं. पाणी सगळ्यांना फुकट, पण पेला साखळीला. आम्हाला लहानपणी त्यात अविश्वास वगैरे काही दिसला नाही. पेला मागून येणाऱ्यालाही लागणार, एवढंच.

युरोपात १९८०च्या दशकात ट्रॉल्यांना जे नाण्याचं कुलूप लागलं, ते म्हणजे हीच साखळी अधिक अनामत. एका ट्रॉलीची साखळी दुसरीच्या कुलपात. नाणं घाला, साखळी सुटते. परत आणून अडकवा, नाणं बाहेर. ब्रिटनमध्ये पौंडाचं नाणं १९८३ मध्ये आलं आणि ते या कामाला अगदी बेताचं ठरलं, सोडून द्यावं इतकं किरकोळ नाही आणि अडकवायला जड वाटावं इतकं मोठं नाही. पुढे जमिनीत तार पुरून, तिच्यावरून गेलं की चाक आपोआप जाम करणारी यंत्रणाही आली. सोळाशेवं उत्तर म्हणा, पण प्रश्न तोच.

आणि कायदा. ब्रिटनच्या १९९०च्या पर्यावरण संरक्षण कायद्याला एक अख्खं परिशिष्ट जोडलेलं आहे, शॉपिंगच्या आणि सामानाच्या टाकून दिलेल्या ट्रॉल्यांवर. नगरपालिकेने ट्रॉली उचलावी, चौदा दिवसांच्या आत मालकाला नोटीस द्यावी, सहा आठवडे सांभाळावी, मालक आला तर खर्च घेऊन परत द्यावी, नाही आला तर विकावी किंवा मोडीत काढावी. २००५च्या कायद्याने यात आणखी भर घातली, की मालक ट्रॉली न्यायला आला नाही तरी खर्च त्याच्याकडून वसूल करता येईल. तारेच्या एका टोपलीसाठी एवढा खटाटोप वाचून मला आधी हसू आलं होतं. पण त्यामागचा विचार बघा. वस्तू रस्त्यात पडलेली असली तरी ती कुणाची तरी आहे, हे गृहीत धरूनच सगळं लिहिलंय. 'बेवारस' हा आपला शब्द घाईचा आहे. वारस नाही असं आपण आधीच ठरवून टाकतो. त्या ट्रॉलीच्या दांड्यावर तर दुकानाचं नाव ठळक छापलेलं होतं.

हा फरक एका अमेरिकन माणसाने फार गमतीदार रीतीने मांडलाय. ज्युलियन माँटेग्यू नावाच्या चित्रकाराने रस्त्यावरच्या ट्रॉल्यांचं, पक्षिनिरीक्षकाने पक्ष्यांचं करावं तसं वर्गीकरण करणारं पुस्तक २००६ मध्ये काढलं. सर्वांत विचित्र शीर्षकाचं बक्षीसही त्याने मिळवलं. त्यात पहिलेच दोन वर्ग आहेत, खऱ्या भटक्या आणि खोट्या भटक्या. खोटी म्हणजे दिसते बेवारस पण दुकानाकडे परत जाणार आहे. मजा अशी, की नुसतं बघून ती खरी की खोटी हे नेहमी सांगता येत नाही.

लॉस एंजेलिसमध्ये हीच गोष्ट गमतीची राहिली नाही. तिथे स्किड रो भागात रस्त्यावर राहणाऱ्यांचं सगळं घर गाडीवर असतं, कुठे सुपरमार्केटच्या ट्रॉलीत, कुठे सेवाभावी संस्थांनी दिलेल्या गाडीत. माणूस आंघोळीला, जेवायला किंवा संडासाला म्हणून बाजूला गेला, की पालिकेची माणसं 'टाकलेलं सामान' म्हणून उचलून नष्ट करायची. त्यात औषधं गेली, ओळखीची कागदपत्रं गेली. माणसं कोर्टात गेली आणि २०१२ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला, की क्षणभर नजरेआड ठेवलेलं सामान म्हणजे टाकलेलं सामान नव्हे, ते असं जप्त करून नष्ट करता येणार नाही.

आपल्याकडे मोठी दुकानं येऊन आता बरीच वर्षं झाली. मुंबईत अपना बाजार तर १९४८ पासूनचा, आणि डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईला निघालं. तरी पुण्यात मी रस्त्यावर अशी ट्रॉली क्वचितच बघितली. आपण फार प्रामाणिक आहोत म्हणून नव्हे! दारात रखवालदार बिलाला भोक पाडायला उभा असतो, आणि त्याच्यापुढे ट्रॉली गेलीच तर पुढच्या फुटपाथवर ती दहा पावलं चालणार नाही. शिवाय रिक्षा आहे, वाण्याचा पोरगा आहे. ज्या अंतरावर रेडिंगमध्ये ट्रॉली सोडून दिली जायची, ते अंतर इथे अजून कुणीतरी थोड्या पैशांत पायडल मारून कापतं.

आमच्याकडची ट्रॉली ती नव्हेच. माळशिरस तालुक्यात ट्रॉली म्हणजे उसाची. नीरा उजव्या कालव्याचं पाणी आलं, सासवडच्या माळी बागायतदारांनी येऊन १९३०च्या दशकात माळीनगरला साखर कारखाना उभा केला, १९६०च्या सुमारास अकलूजला शंकरराव मोहिते पाटलांनी सहकारी कारखाना काढला, आणि मग सगळं शिवारच उसाचं झालं. आधी ऊस बैलगाडीने जायचा, पुढे रबरी टायरच्या गाडीने आणि मग ट्रॅक्टरमागे एकीला एक जोडलेल्या दोन दोन ट्रॉल्यांनी. दिवाळीनंतर चार-पाच महिने रस्ता त्यांचाच. वर दोन माणसं उंच ऊस रचलेला, बाजूने पाचटाचे शेंडे लोंबणारे, आणि मागचा दिवा असला तर त्या उसाने झाकलेला. लहानपणी मागून ऊस ओढायला आम्हीही धावलोय.

अशी भरलेली ट्रॉली बिघडली की जागेवरून हलत नाही. टायर फुटला, पिन तुटली, की चालक चाकांना दगड लावतो, ट्रॅक्टर सोडवतो आणि दुसऱ्या ट्रॉलीसकट निघून जातो. कारखान्यावर रांग लागलेली असते, त्याचीही मजुरी खेपेवर असते. ट्रॉली रस्त्यातच राहते. दिवसा ती हिरवी टेकडी दिसते. रात्री ती दिसतच नाही.

१९९९च्या जानेवारीत दादा अकलूजहून मोटारसायकलवर परत येत होता. रात्रीचे साडेनऊ, समोरून येणाऱ्या ट्रकचा डोळ्यावर उजेड. ट्रक गेला आणि पुढे काळी भिंत. तो वाचला. उजवा गुडघा मात्र तेव्हापासून वाकत नाही. आप्पा त्याच्यापाशी दवाखान्यात आठवडाभर होते, आणि रोज गावाकडून येणाऱ्याला एकच विचारत, ट्रॉली कुणाची कळलं का? नाही कळलं. तिच्यावर नंबर नव्हता, नाव नव्हतं. चार दिवस ती तिथेच उभी होती, त्यातला ऊस माणसं आणि गुरं खात होती. पाचव्या रात्री कुणीतरी घेऊन गेलं. विचारपूस करायला गेलेल्या माणसाला सगळीकडे एकच उत्तर मिळालं, आमची न्हवं. तांब्याच्या घागरीवर नाव घालणारं आमचं गाव, पण दोन चाकांवर काही टन ऊस उभा होता त्याला वारस नव्हता.

पाच वर्षांनी त्याच पायाने अकलूजच्या सायबर कॅफेचा जिना चढून दादाने माझ्या 'बेवारस' ट्रॉलीची प्रिंट काढली होती. आप्पांनी फोनवर काय विचारलं आणि का, ते आता तुमच्याही लक्षात आलं असेल.

आता दर हंगामाच्या सुरुवातीला कारखाने आणि पोलीस ट्रॉल्यांना लाल रिफ्लेक्टर लावतात, पेपरात फोटो येतात. पालखीमार्ग चौपदरी झालाय, मध्ये दुभाजक आलाय. तरी परवा गेलो तेव्हा एक ट्रॉली कडेला उभी दिसली, मागे एक लाल फडकं बांधलेलं.

दुकान आता दादा बघतो. त्याची एक सवय आहे. गाडी दुरुस्त होऊन गेली की चाकाखाली लावलेले दगड लोक रस्त्यातच टाकून जातात. दादाला असा दगड दिसला की तो स्कूटर थांबवतो, ताठ पाय बाजूला टाकून कसाबसा वाकतो, आणि दगड उचलून पायाशी ठेवून घरी आणतो. कडेला टाकला तर पुढचा चालक तोच परत घेईल, म्हणतो. दुकानाच्या मागे त्या दगडांचा ढीग झालाय. वहिनी कटकट करतात, पण त्यातले दहा-बारा दगड चुन्याने रंगवून त्यांनी कर्दळीच्या वाफ्याला लावलेत.